फ्रिजमागच्या पिनेपासून देवघरातल्या वातीपर्यंत

तुम्ही जे विचारलंय ते थोडक्यात असं: डोंबिवलीत 1988 साली बांधलेली चार मजली इमारत, दुसऱ्या मजल्यावर तुमचा फ्लॅट. महिन्याभरापूर्वी समोरच्या विंगमध्ये भर दुपारी आग लागली. फ्रिजमागच्या बोर्डापासून सुरुवात झाली, असं बंबावरच्या माणसांनी सांगितलं. तुम्ही दोघंही नोकरीला जाता, घरात सासूबाई असतात आणि दुपारनंतर शाळेतून आलेली दोन मुलं. तेव्हापासून ऑफिसात बसून तुमचं मन लागत नाही. घरातल्या रोजच्या कुठल्या वस्तूंमुळे आग लागते आणि तपासायला कुठून सुरुवात करू, हा तुमचा प्रश्न.

मी 31 वर्षं अग्निशमन दलात होतो. फायरमन म्हणून लागलो, स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. घरातल्या आगीच्या वर्द्या (मदतीसाठी आलेली बोलावणी) किती केल्या ते मोजलं नाही. पण आग विझल्यावर, कूलिंग चालू असताना, घरच्या माणसांशी बोलायचं काम माझ्याकडे असायचं. त्या वेळी एक वाक्य फार वेळा कानावर आलं: "साहेब, दोन-तीन महिने तिथून जळका वास येत होता." कधी त्याचं रूप वेगळं असायचं. "ती पिन जरा गरम व्हायची." "बटण दाबलं की चरचर आवाज यायचा." "नळी बदलायची म्हणून किती दिवस म्हणत होतो." घराने आधी सांगितलेलं असायचं आणि घरच्यांना ते कळलेलंही असायचं. म्हणून मी तुम्हाला आधी काही विकत घ्यायला सांगणार नाही. आधी हात आणि नाक वापरायचं. खरेदी नंतर.

विजेपासून सुरुवात करा, कारण ती भिंतीत आणि कपाटांच्या मागे असते. पेपरात "शॉर्टसर्किटमुळे आग" असं छापून येतं आणि लोकांना वाटतं, हे कधीही, कुठेही, अचानक होतं. शॉर्टसर्किट म्हणजे फेज आणि न्यूट्रल, म्हणजे वीज आणणारी आणि परत नेणारी तार, थेट एकमेकांना चिकटणं. तसं झालं की करंट एका क्षणात शेकडो अँपिअरवर जातो आणि धड एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप बंद पडणारा स्विच) असेल तर तो खटकन पडतो. म्हणजे लोक ज्याची धास्ती घेतात, त्याचा बंदोबस्त बऱ्यापैकी झालेला असतो. बंदोबस्त नसतो तो लूज कनेक्शनचा. माझ्या बघण्यातल्या विजेच्या आगींपैकी कितीतरी तिथूनच सुरू झालेल्या.

माझ्या बहिणीच्या घरच्या गिझरची एक पिन मी डबीत जपून ठेवली आहे. सोसायट्यांमध्ये माहिती द्यायला जातो तेव्हा ती हातोहात फिरवतो. पांढऱ्या प्लास्टिकच्या या पिनेच्या एका खुंटाभोवतीचा भाग चहाच्या डागासारखा तपकिरी झालाय. त्या खुंटाचं पितळ काळपट-निळसर पडलंय, बाकीचे दोन अजून चकचकीत आहेत. प्लास्टिक थोडं फुगलंय. बहिणीला आठवडाभर बाथरूमबाहेर करपलेल्या माशांसारखा वास येत होता. शेजाऱ्यांकडे सुकट भाजत असतील, असं तिला वाटलं. प्लास्टिकचे काही प्रकार तापले की अगदी तसाच वास येतो. तुमच्या घरात मासे शिजत नसताना तसा वास आला तर आधी बोर्ड बघा.

त्या पिनेत काय झालं, ते समजून घ्या. एकदा समजलं की पुढचं तुमचं तुम्हालाच सुचेल. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास करंट खेचतो. सॉकेटच्या आत जी पत्री पिनेला पकडते तिचा ताण वर्षानुवर्षांच्या वापराने जातो आणि पिन ढिली बसते. त्या ढिल्या जागी अर्धा ओहम इतका किरकोळ अडथळा तयार झाला तरी हरभऱ्याएवढ्या जागेत जवळपास 38 वॅट उष्णता निर्माण होते. टीव्ही दुरुस्तीवाल्याचा सोल्डरिंग आयर्न साधारण 25 वॅटचा असतो आणि त्याने धातू वितळतो. म्हणजे गिझर चालू असेपर्यंत तुमच्या बोर्डात एक पेटता सोल्डरिंग आयर्न खुपसून ठेवलेला असतो. उष्णतेने पितळ काळं पडतं, काळं पडल्याने अडथळा वाढतो, त्याने उष्णता आणखी वाढते. वायरवरचं पीव्हीसी साधारण 70 अंशांपर्यंत टिकायला बनवलेलं असतं. त्यापुढे ते मऊ पडतं, मग करपतं, आणि करपून झालेला कोळसा स्वतःच वीज वाहून न्यायला लागतो.

आणि एमसीबीला यातलं काहीही कळत नाही. त्याच्या हिशेबाने करंट नऊ अँपिअरच्या आत आहे, म्हणजे सगळं ठीक. ईएलसीबीलाही, म्हणजे करंट जमिनीत गळला की वीज तोडणाऱ्या स्विचलाही, कळत नाही, कारण इथे करंट जमिनीत गळत नाहीये. लोक मला सांगतात, "आमच्याकडे नवीन एमसीबी आहेत, काळजी नाही." एमसीबी हवाच. पण लूज कनेक्शन पकडायचं काम तुमच्या हाताला आणि नाकालाच करावं लागतं.

या रविवारी असं करा. गिझर, इस्त्री, ओव्हन, इंडक्शन, एसी, जे जे जास्त वीज खातं ते एक-एक करून वीस-पंचवीस मिनिटं चालवा. मग बटण बंद करून पिन काढा आणि बोटांच्या मागच्या बाजूने पिनेला स्पर्श करा. कोमट असली तर चालेल. बोट ठेववत नसेल तर ते सॉकेट आणि ती पिन दोन्ही बदलायची. एकच बदलून भागत नाही, कारण खराब झालेलं सॉकेट नव्या पिनेलाही आठ दिवसांत तसंच करून ठेवतं. पिन आत घालताना नीट घट्ट बसली पाहिजे. बोटाने हलवून हलत असेल तर ते सॉकेट गेलं. बोर्डाच्या भोकांभोवती पिवळट किंवा तपकिरी कडं दिसलं तर चालवून बघायचीसुद्धा गरज नाही, ते वापरणं बंद करा.

मग परवाना असलेला वायरमन बोलवा आणि त्याला दोन कामं नेमकी सांगा. पहिलं काम, डीबीतले (सगळे एमसीबी असतात त्या पेटीतले) आणि सगळ्या बोर्डांतले स्क्रू टाइट करणं. हे किरकोळ वाटतं, म्हणून कोणी सांगत नाही आणि वायरमनही करत नाही. पस्तीस वर्षांच्या वायरिंगमध्ये ते सैल झालेलेच असतात. दुसरं काम, एमसीबी आणि वायर यांची जोडी जमते का ते बघणं. दिव्यापंख्यांच्या दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरला 6 किंवा 10 अँपिअरचा, अडीचच्या वायरला 16 चा, चारच्या वायरला 20 किंवा फार तर 25 चा. तुमच्या काळातल्या इमारतींमध्ये मी काय बघितलंय सांगतो. एसी बसवला, एमसीबी वारंवार पडायला लागला, मग कोणीतरी "मोठा टाकून देतो" म्हणून जुन्या बारीक वायरवर 32 चा टाकून दिला. पडणं थांबलं, घरची मंडळी खूश. आता वायर आधी जळते आणि एमसीबी नंतर पडतो. जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार पिळून बसवतात तोही हाच प्रकार. एमसीबी वारंवार पडत असेल तर तो त्याचं काम करतोय. दोष पुढे कुठेतरी आहे, तो शोधायला लावा. वायरमन आलाच आहे तर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (ईएलसीबीसारखंच, गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे का तेही बघून घ्या, नसेल तर बसवा. त्यावर टेस्टचं छोटं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबायचं आणि लाइट गेली की समजायचं, तो जिवंत आहे.

आता समोरच्या विंगमधला फ्रिज. फ्रिज स्वतः फार वीज खात नाही. पण घरात दिवसरात्र चालू राहणारी ती एकमेव मोठी वस्तू आणि तिची पिन बघायची तर फ्रिज ओढावा लागतो. म्हणून वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. त्याच बोर्डावर मग मिक्सर येतो, ओव्हन येतो, एखादा मल्टीप्लग लागतो. मागे धूळ आणि तेलकट पुटं साचतात, उडालेली प्लास्टिकची पिशवी जाऊन अडकते. दिवाळीच्या साफसफाईला आपण माळ्यावरचे डबेसुद्धा उतरवून घासतो. तेव्हा फ्रिजही एक हात पुढे ओढा, पिन काढून बघा, मागची धूळ ब्रशने झाडा, आणि परत ढकलताना भिंत आणि फ्रिज यांच्यात वीतभर जागा सोडा. वायर फ्रिजच्या पायाखाली किंवा भिंतीच्या कोपऱ्यात चेपली जात नाही ना, एवढं बघा.

एक्स्टेंशन बोर्डाबद्दल एकच सांगतो, पण ते तंतोतंत पाळा. त्यावर मोबाइल, टीव्ही, सेट टॉप बॉक्स, दिवा चालेल. जी वस्तू गरम करते ती त्यावर कधीही लावायची नाही: इस्त्री, किटली, हीटर, इंडक्शन, गिझर. बोर्डावर पाच जागा दिसल्या तरी मागची वायर एकच असते आणि बाजारातल्या स्वस्त बोर्डांची ती वायर शिवणाच्या सुईइतकी बारीक असते. आणि ती वायर गालिच्याखाली, गादीखाली लपवायची नाही. उघडी असली की तिची उष्णता हवेत जाते, झाकली की आतच साठते.

स्वयंपाकघरात गॅसची भीती सगळ्यांनाच असते, पण नेमकी कशाची भीती धरायची हे माहीत नसतं. सिलिंडर उगाच फुटत नाही. आधी गॅस बाहेर येऊन पसरतो आणि मग त्याला ठिणगी मिळते. आपला घरगुती गॅस, म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण, हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो, ओट्याखाली, फ्रिजखाली साचतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की तो पेट घेऊ शकतो. आठ फूट बाय आठ फुटांच्या स्वयंपाकघराचा हिशेब केला तर सगळी खोली धोक्यात यायला पाऊण किलोच्या आत गॅस पुरतो, आणि तो तळाशी साचत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कितीतरी कमी. भरलेल्या सिलिंडरमध्ये 14.2 किलो असतो.

हा पाऊण किलो बाहेर येतो कसा? तुम्हाला वाटेल, नळी फाटून. तसंही होतं. पण मला जास्त भेटलेली गोष्ट दुधाची आहे. दूध बारीक आचेवर ठेवलं, माणूस दाराशी गेला, दूध उतू गेलं, ज्योत विझली आणि बर्नर सुरूच राहिला. एकदा सकाळी आम्ही अशाच वर्दीवर गेलो होतो. जिन्यातच वास येत होता. दार उघडंच होतं आणि घरातले आजोबा आम्हाला बघून म्हणाले, "वास जायला एक्झॉस्ट लावतो," आणि त्यांचा हात बटणाकडे गेला. माझ्या सहकाऱ्याने त्यांचा हात हवेतच धरला. बटणाच्या आत जी बारीक ठिणगी पडते तेवढी पुरते. बटण चालू करताना पडते तशी बंद करतानाही पडते. म्हणून गॅसचा वास आला की कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही. दिवा लागलेला असेल तर लागलेला राहू दे. फ्रिजचा कॉम्प्रेसर आपोआप चालू होतो आणि त्याचा रिले (त्याला चालू-बंद करणारा स्विच) तळाशीच असतो, म्हणून वेळ दवडायचा नाही. शेगडीचे नॉब आणि रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या-दारं सताड उघडायची, सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं. विजेचा मेन स्विच खाली मीटररूममध्ये असेल तर तो तिथून बंद करायचा. फोन बाहेर आल्यावर. गॅसगळतीसाठी 1906 हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि आमचा 101.

सासूबाईंबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. गॅसला स्वतःचा वास नसतो, त्यात मरकॅप्टन नावाचं द्रव्य मुद्दाम मिसळतात. वय वाढलं की नाक मंदावतं आणि सतत त्याच वासात राहिलं की तरुण नाकालाही तो जाणवेनासा होतो. "आईंना वास आला असताच" यावर विसंबू नका. गॅसगळती ओळखणारा अलार्म मिळतो, तो जमिनीपासून फूटभर उंचीच्या आत लावा. (पुढे पाइपचा गॅस आला तर तो मिथेन असतो आणि हवेपेक्षा हलका. मग मिथेन ओळखणारा अलार्म छताजवळ लावायचा.) रात्री झोपताना आणि बाहेर जाताना रेग्युलेटर बंद करायची सवय त्यांना असेलच. नसेल तर मुलांनाच ते काम द्या, मुलं असली कामं विसरत नाहीत.

नळीवर आयएसआय चिन्ह आणि तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की बदलायची, दिसायला कितीही धड दिसली तरी. ती शेगडीच्या मागून, धगीजवळून जाता कामा नये. सिलिंडरच्या वरच्या कड्याखालच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि दोन आकडे असतात. ती त्या सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे. मुदत उलटलेला सिलिंडर आला तर घेऊ नका, परत पाठवा. नवा सिलिंडर लावला की सांध्यांवर साबणाचा फेस लावून बघायचा, बुडबुडे आले तर गळती. काडी ओढून बघणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांतल्या एकाच्या भुवया परत उगवायला बरेच महिने लागले आणि तरी तो सुदैवी.

तळणाचं तेल पेटलं तर पाणी ओतू नये हे आता बऱ्याच जणांना ऐकून माहीत आहे. पण त्या क्षणी हात पाण्याकडेच जातो, म्हणून कारण मनात पक्कं बसवा. पेटलेलं तेल तीनशे अंशांच्या वर असतं. त्यात पडलेलं पाणी बुडाशी जाऊन एका क्षणात वाफ होतं आणि एक लिटर पाण्याची सुमारे 1700 लिटर वाफ होते. ती वाफ सगळं तेल पेटत्या अवस्थेत छतापर्यंत उडवते. कढई उचलून मोरीकडे पळू नका, पेटतं तेल हातापायांवर सांडतं. गॅस बंद करायचा, कढईपेक्षा मोठं ताट किंवा परात समोरून सरकवत वर ठेवायची आणि अर्धा तास ती उचलायची नाही. लवकर उघडली की हवा मिळून तेल परत पेटतं. तळण असेल त्या दिवशी ती परात आधीच शेगडीजवळ काढून ठेवा. शोधायला वेळ मिळत नाही.

देवघराबद्दल बोलताना मला सांभाळून बोलावं लागतं, कारण समई विझवा म्हटलं की सासूबाई माझं पुढचं ऐकणार नाहीत. आणि विझवायला मी सांगतही नाही. समई, निरांजन मोठ्या ताटात ठेवा, ताटात बोटभर पाणी घाला. वर लाकडी देवघराची चौकट किंवा कापडी झालर असेल तर ज्योत आणि ती यांच्यात हातभर अंतर हवं. जुन्या घरांत उंदरांनी जळती वात ओढून नेल्याच्या गोष्टी ऐकून तुम्ही हसला असाल, पण त्या खऱ्या आहेत. तेल-तुपाची वात उंदराला खाणं वाटते. पाण्याच्या ताटाचा उपयोग तिथेही होतो. घराबाहेर पडायचं असेल तेव्हा मात्र समई शांत करूनच निघायचं.

डासांची कॉइल सात-आठ तास धुमसते आणि ती पलंगाखाली ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. चादरीचं टोक लोंबतं, टेकतं. कापसाची गादी भडकत नाही, आतल्या आत धुमसते, आणि ते फसवं असतं. वर तांब्याभर पाणी ओतून लोक परत झोपतात आणि पहाटे खोली धुराने भरते. आम्ही अशी गादी मिळाली की खाली आवारात नेतो, फाडतो, कापूस हाताने उपसतो आणि सगळा चिंब भिजवतो, कारण मध्यभागी निखारा कुठे बसलाय ते वरून कळत नाही. फोमच्या गादीचं आणि सोफ्याचं उलट. ते भराभर पेटतं आणि त्याचा काळा धूर दोन-चार श्वासांत माणसाला आडवं करतो. कॉइल खोलीच्या मध्यावर, स्टीलच्या थाळीत ठेवा. पलंगाखाली ठेवणं आजच बंद करा.

तुम्ही लिहिलंय की यजमानांनी नुकतीच इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आणि पार्किंगला चार्जिंगची सोय नाही म्हणून बॅटरी वर आणून दाराजवळ रात्रभर लावतात. हे वाचून मला खरोखर काळजी वाटली. लिथियमच्या बॅटरीतला एखादा सेल बिघडून तापला की त्याची उष्णता शेजारच्या सेलला जाते, मग त्याच्या शेजारच्याला. ही साखळी एकदा सुरू झाली की बाहेरून थांबवता येत नाही आणि विझल्यासारखी वाटलेली बॅटरी काही तासांनी परत पेटू शकते. 2022 मध्ये वसईला घरात चार्जिंगला लावलेल्या अशाच बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा गेला. तुमच्याकडे तर ती बॅटरी बाहेर पडायच्या एकमेव दारात आहे. पहिलं काम सोसायटीला अर्ज करून खाली, जिन्यापासून लांब, स्वतंत्र एमसीबी असलेला चार्जिंग पॉइंट घ्या. तोवर बॅटरी वर आणावीच लागत असेल तर माणसं जागी असताना, गॅलरीत, फरशीवर, आजूबाजूला कपडे-कागद नसतील अशी लावा. कंपनीचाच चार्जर, दुसरा नाही. गाडी चालवून आल्यावर अर्धा-पाऊण तास बॅटरी थंड होऊ द्या, मग लावा. फुगलेली, आपटलेली, पाण्यात बुडालेली बॅटरी वापरायचीच नाही. तिच्यातून धूर किंवा फुसफुस आवाज आला तर तिला हात न लावता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. मोबाइल आणि पॉवर बँकचं तत्त्व तेच, आकार लहान. उशीखाली, अंथरुणात चार्ज करू नका आणि पाठ फुगलेला मोबाइल "अजून चालतोय" म्हणून ठेवू नका.

बाकीचं भराभर सांगतो. एसीच्या बाहेरच्या युनिटवर कबुतरं काटक्यांची घरटी करतात, ती पावसाळ्यापूर्वी आणि नंतर काढून टाका. इन्व्हर्टरच्या पाण्याच्या बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तिला बंद कपाटात कोंडू नका आणि वर रद्दीचा गठ्ठा ठेवू नका. पाणी तापवायचा रॉड प्लास्टिकच्या बादलीत टाकून कुणीही फोनवर बोलायला जायचं नाही. झुरळांचा स्प्रे, डिओ यांच्या डब्यांत बहुतेक वेळा ज्वलनशील गॅसच असतो. शेगडी पेटती असताना ओट्यावर मारू नका आणि डबे शेगडीजवळच्या फळीवर ठेवू नका. घरात सुतारकाम, पॉलिशचं काम निघालं तर अळशीच्या तेलाचे बोळे संध्याकाळी ढिगात टाकून जाऊ देऊ नका. ते तेल वाळताना स्वतःच तापतं आणि ढिगात उष्णता कोंडून बोळे कुणी काडी न लावता पेटतात. ते पाण्यात बुडवून ठेवायचे किंवा एक-एक पसरून वाळवायचे.

आता खरेदी. दोन किलोचं एबीसी पावडरचं आयएसआय चिन्हाचं अग्निशामक घ्या आणि ते स्वयंपाकघरात नव्हे, बाहेरच्या दाराजवळ लावा. शेगडीपाशी लावलं तर आग लागल्यावर तिथवर पोचताच येत नाही. महिन्यातून एकदा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघा. वापरताना पिन ओढायची, नळी आगीच्या मुळाशी धरायची, दाबायचं आणि झाडू मारल्यासारखं आडवं फिरवायचं. आठ-दहा सेकंदांत ते रिकामं होतं, म्हणून केराच्या डब्याएवढ्या आगीवर ते चालतं. पडदा पेटून छताला लागला असेल तर नाद सोडा, बाहेर पडा, मागे दार ओढून घ्या. बंद दार, साधं लाकडी असलं तरी, बराच वेळ धूर अडवतं. बॅटरीवर चालणारा धुराचा अलार्म एक पॅसेजमध्ये लावा. स्वयंपाकघरात लावला तर प्रत्येक फोडणीला वाजेल आणि चौथ्या दिवशी कुणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवेल.

जिन्यात तुमच्या मजल्यावर चपलांचं रॅक, जुनी सायकल, कुणाचा मोडका सोफा आहे का? ते हलवा, शेजाऱ्यांशी वाईटपणा घेऊन हलवा. 2023 मध्ये गोरेगावात पार्किंगमध्ये लागलेल्या आगीचा धूर जिन्यावाटे वर चढला आणि वरच्या मजल्यांवरची माणसं त्यात सापडली. मीटररूममध्येही काही ठेवू देऊ नका.

मुलांना 101 पाठ असेलच. त्यांच्याकडून एकदा खोटी वर्दी घरातच देऊन घ्या. इमारतीचं नाव, विंग, मजला, जवळची खूण, काय पेटलंय, आत कोण आहे. समोरचा "ठीक आहे" म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. घाबरलेली माणसं नुसतं "लवकर या, आग लागली" म्हणून फोन ठेवतात आणि बंब रस्ते शोधत फिरतो. धूर भरला तर जमिनीलगत रांगत दाराकडे जायचं, पलंगाखाली किंवा बाथरूममध्ये लपायचं नाही. लहान मुलं लपतात. धुरात आम्ही आधी तिथेच हात घालून बघतो.

शेवटचं, तुमच्या खिडक्यांबद्दल. तुम्ही लिहिलंय की चारही खिडक्यांना बॉक्स ग्रिल आहे. चोरापासून ते राखतं, पण दार पेटलेलं असेल तर तेच ग्रिल तुम्हाला आत कोंडतं. गज कटरने कापायला आम्हाला जी मिनिटं लागतात, तेवढी मिनिटं आतल्या माणसाकडे नसतात. रस्त्याच्या बाजूच्या एका खिडकीला, जिथे आमची शिडी टेकू शकेल, उघडणारी झडप वेल्डरकडून करून घ्या. माणूस बाहेर पडेल एवढी, दोन फूट बाय दोन फूट तरी. तिच्याखाली कुंड्या मांडू नका. कुलूप लावा, पण चावी ड्रॉवरमध्ये नको. त्याच खिडकीशेजारी भिंतीत खिळा ठोकून त्याला अडकवा, धाकट्याचा हात पोचेल इतक्या उंचीवर, आणि सासूबाईंना चष्मा न लावता ते कुलूप उघडून दाखवायला सांगा.